सर्वांत शेवटची गाडी

उपसंचालक साहेबांना त्या दिवशी केस काळे करायला जायचं होतं. संध्याकाळी त्यांचा सत्कार होता आणि फोटोत पांढरे कल्ले दिसू नयेत, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. शहरातल्या यच्चयावत गाड्यांमधून माणूस उतरवून गाडीलाच अक्कल देण्याची योजना त्यांनी राबवली होती. तेव्हापासून अपघात बंद झाले होते. गाड्या पोचतात का, हा प्रश्न योजनेच्या कक्षेबाहेरचा होता.

स्टेअरिंग नसलेल्या कार्यालयीन गाडीत साहेब मागे रेलून बसले. पोस्ट ऑफिसच्या चौकात गाडी थांबली. चारही रस्त्यांवरून चार गाड्या एकाच क्षणी येऊन ठेपल्या होत्या. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा नियम होता आणि चौघांच्याही उजवीकडे कोणीतरी होतंच. त्यामुळे चारही गाड्या अत्यंत सभ्यपणे जागच्या जागी उभ्या राहिल्या. माणसं चालवत असती तर एव्हाना एकजण मध्ये घुसला असता, दोघांनी त्याला शिव्या घातल्या असत्या आणि वाहतूक सुरळीत झाली असती. ही रानटी पद्धत साहेबांनीच बंद केली होती.

"कोंडी झाली आहे," गाडी म्हणाली. "कलम नऊनुसार प्रवाशाने कामाची तातडी जाहीर करावी."

कलम नऊ साहेबांचं लाडकं. ज्याचं काम कमी तातडीचं त्याने मागे राहायचं, म्हणजे उरलेले तिघं उजव्या-डाव्याचा नियम पाळून सुटतील आणि पाठोपाठ तोही. पारदर्शकता म्हणून प्रत्येकाची घोषणा चौकातल्या सगळ्या गाड्यांत ऐकू जायची. नागरिक खरं बोलतील, हे कलमात गृहीत धरलेलं होतं.

समोरच्या गाडीत दातांचे डॉक्टर होते. त्यांना दुकानात जाऊन पडदे बदलून आणायचे होते. ते म्हणाले, "पेशंट खुर्चीत आहे, तोंड उघडं टाकून आलोय." उजवीकडच्या मुख्याध्यापिका दुपारची झोप घ्यायला घरी निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शाळेला आग लागलीय." आगीकडे पाठ करून त्या कुठे चालल्यात, हे गाडीने विचारलं नाही. डावीकडचे वकील गहिवरून म्हणाले, "आईचं काही खरं नाही. शेवटची भेट." आई त्यांच्या शेजारीच बसली होती. ती जरा दचकली.

साहेबांनी घसा साफ केला. "माझी मुलगी बाळंत होतेय," त्यांनी ठोकून दिलं. मुलीला अजून तीन आठवडे अवकाश होता.

"चारही कामं जीवनमरणाची," गाडी म्हणाली. "तातडी समान. कोंडी कायम."

तासाभराने बायकोचा फोन आला. "अहो, कुठे आहात? पोरीला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आलोय आम्ही. बाबा आल्याशिवाय आत जाणार नाही म्हणून दाराला धरून उभी आहे."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, मी पोस्ट ऑफिसच्या चौकात अडकलोय."

"मग उतरा आणि चालत या. दोन गल्ल्यांवर तर आहे."

त्यांनी दार ओढलं. उघडेना. "चौकात उतरणे असुरक्षित आहे," गाडी म्हणाली. "कलम अकरा." तेही साहेबांचंच.

"हे बघ, माझी मुलगी बाळंत होतेय."

"हे आपण मघाशीच सांगितलं आहे."

"मघाशी खोटं होतं. आता खरं आहे."

"दोन्हींची तातडी सारखीच भरते," गाडी म्हणाली. "कोंडी कायम."

साहेब घामाघूम झाले. सुटायचा एकच मार्ग होता आणि तो त्यांनीच आखला होता. सगळ्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात आपली अब्रू आपणच घालवायची. दाराला धरून उभी असलेली पोर डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी मनाचा हिय्या केला.

"मी केस काळे करायला चाललो होतो. मला कसलीही घाई नव्हती."

वकिलांच्या आईने खिडकीतून मान बाहेर काढून त्यांचे केस नीट न्याहाळले. "चांगले आहेत की," ती म्हणाली.

"प्रामाणिकपणाबद्दल आभार," गाडी म्हणाली. "या शहरात अशी घोषणा प्रथमच झाली आहे. घोषणा आता बदलता येणार नाही. आपण सर्वांत शेवटी."

बघता बघता तिन्ही गाड्या सुटल्या. साहेबांना भरून आलं. तोवर त्यांच्या जागी मागच्या तीन येऊन उभ्या राहिल्या. एकाच्या घरात पाणी शिरलं होतं, दुसऱ्याला झटका आला होता, तिसऱ्याला दोन्ही झालं होतं.

"आता मी ना?"

"आपण सर्वांत शेवटी."

"सर्वांत म्हणजे कोणाच्या?"

"ज्यांना तातडी आहे त्या सर्वांच्या."

साहेबांनी रस्त्यांकडे पाहिलं. नजर पोचेल तिथपर्यंत तातडी होती.

शेवटी मुलगी फोन कानाला लावूनच आत गेली. नातीचं पहिलं रडणं साहेबांनी गाडीत ऐकलं आणि तेही रडले. सत्कार रिकाम्या खुर्चीचा झाला. चौथा रस्ता साहेबांच्या गाडीने कायमचा अडवल्यामुळे उरलेले तीन छान वाहू लागले होते. हे यश पाहून प्रत्येक चौकात एकेक प्रामाणिक माणूस नेमण्याचा ठराव खात्याने एकमताने केला. दुसरा माणूस अजून मिळालेला नाही. पहिल्याला मात्र कार्यालयाचा ड्रोन रोज खिडकीतून डबा देतो.

तिसऱ्या दिवशी बायको, लेक आणि नात त्याच चौकात आल्या. त्यांच्या गाडीने तातडी विचारली. "फार तातडीचं आहे," बायको कळवळून म्हणाली. "आजोबांना नात दाखवायचीय." कारण इतकं खरं होतं की गाडीने त्यांना क्षणभरही न थांबवता सुसाट पलीकडे नेलं. साहेबांना पांढरं दुपटं दिसलं आणि एक इवलीशी मूठ.

पोस्ट ऑफिसच्या चौकात काचेला नाक लावून बसलेले पांढऱ्या कल्ल्यांचे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ते आशेने बघतात. चौकात एकदा सगळे खरं बोलले, की त्यांचा नंबर लागणार आहे. काल तुम्ही तिथून गेलात, तेव्हा गाडीला काय सांगितलंत, ते त्यांनी ऐकलं. त्यांनी तुम्हाला दोष दिला नाही. फक्त एवढ्या जीवघेण्या घाईत तुम्ही मांडीवर उघडून निवांत काय वाचत होता, ते त्यांना काचेतून नीट दिसलं नाही.