चार आशीर्वाद आणि बारा याक

सागिनचा ट्रक त्या हिवाळ्यात सारी-बेलची खिंड आपल्या टायरांच्या बळावर चढला नाही. त्याला बायकोने वर नेलं. पण कोक-जार गावात असं काही घडल्याचं कोणी मान्य करत नाही, आणि गावातले चार म्हातारे एखाद्या गोष्टीला नाही म्हणाले की ती घडलेली नसते. तेव्हा आपणही तसं काही झालंच नाही असं धरून चालू आणि रीतसर सुरुवातीपासून सुरू करू. सुरुवातीला टायर गुळगुळीत झाले होते.

पातेल्याच्या बुडासारखे गुळगुळीत. तशात बर्फ दोन दिवस न थांबता पडला आणि तिसऱ्या सकाळी गावातली कुंपणं दिसेनाशी झाली. गावाच्या तीनशे साठ मेंढ्या खिंडीपलीकडच्या हिवाळी कुरणावर होत्या आणि त्यांच्यापाशी होती सागिनची बायको झूरा. पाळी खरं तर तिच्या भावाची; त्याचा पाय मोडला म्हणून ती गेलेली. तिथे फोन फक्त एका खडकावर चढून उभं राहिलं तरच लागायचा. त्यामुळे झूराचं बोलणं नेहमी जरा उंचावरून आल्यासारखं वाटे.

"अहो, ऐका. गवत आठ दिवसांचं आहे. नवव्या दिवशी मेंढ्या माझ्याकडं बघतील. मी कुणाकडं बघू?"

"माझ्याकडं बघ. नवे टायर घेतोय."

"इथं शेजारच्या बाईचे बारा याक आहेत. हाकत खाली आणू का? वाट तुडवतील तरी."

"याक कशाला? टायर म्हणतोय ना मी! यंदा सगळं रीतसर करायचं."

"बरं," झूरा म्हणाली. तिच्या 'बरं'चे तीन प्रकार होते. हा तिसरा होता.

ट्रक गावाचा, त्यामुळे टायरही गावाचे. आणि रीतसर म्हणजे आधी म्हाताऱ्यांना विचारायचं. असानकान आबांच्या घरी बैठक बसली. आबा ऐंशीच्या पुढचे. तोंडात दात चारच, पण प्रत्येक दाताला स्वतःचं मत. त्यांच्या उजव्या हाताला मुकाश मास्तर, ज्यांनी अर्ध्या गावाला भूगोल शिकवला आणि उरलेल्या अर्ध्याला मारलं. डावीकडे तुर्दुबेक, सामुदायिक शेतीच्या काळात तीस वर्षं ट्रॅक्टर चालवलेला. आणि दाराजवळ सापार. घोड्यांच्या खेळात बकऱ्याचं धड कोणी आधी उचललं यावरून त्यांचं आणि आबांचं वाजलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नसत. एकाच बैठकीला मात्र न चुकता येत, कारण न बोलण्यासाठीसुद्धा समोर माणूस लागतो.

पहिले तीन दिवस चहा आणि जुने बर्फ यांतच गेले. हा बर्फ त्या सालच्यापेक्षा कमी, तो त्या सालच्यापेक्षा ओला. सागिन दारात बसून बोटांवर दिवस मोजत होता. चौथ्या दिवशी त्याने धीर केला.

"आबा, गवत संपत आलंय वर."

"मग बसलायस काय, पोरा? चल बाजारात!" आबा असे म्हणाले, जणू त्यालाच चहा सोडवत नव्हता.

चौघेही आले. खालचा रस्ता सरकारने साफ केला होता; सरकार नेहमी खालचाच रस्ता साफ करतं. शहराच्या बाजारात टायरांचं दुकान बुरुल नावाच्या बाईचं होतं. ती हाताने टायर उचलून बाजूला ठेवायची आणि तोंडाने गिऱ्हाईक.

असानकान आबांनी एका अरुंद टायरभोवती सावकाश फेरी मारली, खाली वाकले आणि नक्षीच्या खाचांत बोट घालून दात तपासले.

"तीन वर्षांचा आहे," ते म्हणाले.

बुरुलने कडेवरचा छाप वाचला. टायर बरोबर तीन वर्षांपूर्वी बनलेला होता. तिने टायर खाली ठेवला आणि पहिल्यांदाच गिऱ्हाइकाकडे आदराने पाहिलं.

"हा घे," आबा सागिनला म्हणाले. "अरुंद पाय बर्फ कापून जमिनीला भिडतो. रुंद पायाचा वरच राहतो आणि मग फसतो. माझ्या धाकट्या भावाचा घोडा रुंद खुरांचा होता." एवढं बोलून त्यांनी दोन्ही तळवे चेहऱ्यासमोर धरले, त्या टायरला आशीर्वाद दिला आणि चेहऱ्यावरून हात फिरवले. दुकानातले सगळेच "ओमीन", म्हणजे तथास्तु, म्हणाले. चहा आणून देणारासुद्धा म्हणाला.

चाळीस वर्षांपूर्वी तो भाऊ सारी-बेलखाली बर्फात मेलेला सापडला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. सागिन काय बोलणार?

"असेच चार द्या," तो बुरुलला म्हणाला.

"थांब," मुकाश मास्तर म्हणाले. "ससा बर्फात बुडतो का? नाही. लांडगा बुडतो. का? सशाचा पाय रुंद. रुंद टायर घ्यायचा, हवा निम्मी सोडायची, की ट्रक वरून तरंगत जाईल." आणि एका रुंद टायरला त्यांनीही आशीर्वाद दिला. ओमीन.

"ससे काय, घोडे काय!" तुर्दुबेक खेकसला. "यंत्राचं बोला. बोटभर उंच गुट्ट्यांचा टायर पाहिजे. बर्फ खणून मागं फेकणारा." त्याने तर आशीर्वाद देता देता टायरला लाथही मारली, जुन्या सवयीने. ओमीन.

सापार शेवटपर्यंत गप्प होते. मग कोपऱ्यात पडलेल्या, खिळे मारलेल्या एका मऊ टायरजवळ गेले. "ह्या पोराला सांगा कुणीतरी," ते सागिनकडे बघत, पण आबांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वर बर्फ नसतोच. उन्हानं वितळून गोठलेली काच असते. तिथं कापून काय, तरंगून काय! पकडावं लागतं." ओमीन.

सागिनने हात जोडले. "आबा, मास्तर, टायर चारही सारखे लागतात हो."

"मी पण तेच म्हणतेय," बुरुल म्हणाली.

"सारखेच घे ना," आबा म्हणाले. "माझ्यासारखे."

"मग बाकीच्या तिघांचे?"

चौघांनीही आपापल्या टायरवर हात ठेवला. आशीर्वाद दिलेली वस्तू दुकानात सोडून जाणं म्हणजे आशीर्वाद सोडून जाणं. सागिनने आशेने बुरुलकडे पाहिलं.

"माझ्याकडं बघू नकोस. आशीर्वाद दिलेला माल मी ठेवून घेत नाही. आई सांगून गेलीय."

अशा रीतीने चार प्रकारचे चार टायर गावात आले.

तरीही ते बसवताना डोकं चालवलं असतं तर निभावलं असतं. पण टायर आता टायर राहिले नव्हते. पाहुणे झाले होते, आणि पाहुण्यांना बसवायची एक रीत असते. मानाची जागा पुढे उजवीकडे, तिथे आबांचा अरुंद टायर. त्यांच्या शेजारी पुढे डावीकडे तुर्दुबेकचा गुट्ट्यांचा, कारण तो वयाने दुसरा. आबांच्या मागे मास्तरांचा रुंद. आणि सापारचा मागे डावीकडे, कोपऱ्याला कोपरा, म्हणजे दोन्ही टायरांना एकमेकांशी बोलावं लागणार नाही. मानाची बाजू सगळ्यात बुटकी निघाली. ट्रक पुढून उजवीकडे असा झुकला, की कोणाला तरी लवून नमस्कार करतोय असं वाटावं.

आठव्या दिवशी सकाळी गवत भरून ट्रक निघाला. आपापला टायर काय करतो ते बघायला चौघेही आलेच. आबा पुढे सागिनशेजारी बसले, बाकीचे तिघं गवतावर.

"निघालो गं," सागिनने फोनवर सांगितलं.

"कसे आहेत टायर?"

"सगळ्या प्रकारचे आहेत."

"बरं," झूरा म्हणाली. तिसरा.

खिंडीच्या पायथ्याशी मोठं सपाट मैदान आहे. तिथे ट्रक बर्फात शिरला आणि प्रत्येक टायर आपापल्या मालकाच्या शब्दाला जागला. अरुंद टायर कापत खाली गेला. रुंद वर तरंगला. गुट्ट्यांच्या टायरने बर्फ खणून मागच्या खिळेवाल्यावर फेकला, आणि खिळेवाल्याने जे हाती लागलं ते घट्ट पकडलं. सागिन स्टेअरिंग डावीकडे ओढत होता. ट्रक मानाच्या बाजूला वळत होता. समोरची खिंड हळूहळू डाव्या खिडकीत गेली, मग मागे गेली, मग उजव्या खिडकीतून परत समोर आली.

"हीच का ती खिंड?" आबांनी विचारलं.

"हीच, आबा. मघाशी पण हीच होती."

"माझा उत्तम चाललाय!" वरून मास्तर ओरडले.

दुसऱ्या फेरीला वर भांडण लागलं. पाचव्या फेरीला तुर्दुबेकने उडी मारून धक्का दिला. ट्रक त्याला सोडून पुढे गेला आणि फेरी पूर्ण करून परत त्याला घ्यायला आला. सातव्या फेरीला इंजिन तापून बंद पडलं. मैदानात खळ्यासारखं गोल रिंगण तयार झालं होतं आणि मधोमध स्वच्छ, कोणी न तुडवलेला बर्फ. सागिन उतरला, बाजूला गेला आणि खिंडीकडे पाठ करून उभा राहिला. उद्या नववा दिवस होता. बायकोला काय सांगायचं ते तो मनातल्या मनात जुळवत होता, आणि कुठूनही सुरुवात केली तरी फिरून तिथेच येत होता.

मग घंटा ऐकू आली.

खिंडीवरून बारा याक एकामागोमाग एक उतरत होते, छातीने बर्फ फोडत, नाकातून वाफा सोडत, आणि त्यांच्यामागे पक्की दाबलेली वाट होत होती. सगळ्यांत मागे घोड्यावर झूरा.

तिने ट्रक पाहिला. टायर पाहिले. रिंगण पाहिलं.

"वरून वाटलं मळणी चाललीय," ती म्हणाली. "म्हटलं बर्फाची कुणी मळणी करत नाही, म्हणजे आपलेच असणार."

"झूरा, सरळ गेलाच नाही गं ट्रक…"

"नशीब." तिने चाबकाने समोर दाखवलं. "पन्नास पावलांवर ओढ्याची घळ आहे ना, ती भरून सपाट झालीय. दिसत नाही. याकांनी वास घेतला आणि वळसा घातला. सरळ गेला असतात तर…" समोर असानकान आबा होते म्हणून तिने पुढचं गिळलं.

आबा बराच वेळ त्या सपाट, सुंदर बर्फाकडे बघत राहिले.

"धाकट्याचा घोडा गावात सगळ्यात चांगला होता," ते शेवटी म्हणाले. "सरळ गेला."

सापार आबांच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्या दिवशी बाजारात उगाच आपापल्या आठवणीतल्या बर्फासाठी टायर निवडले, हे बहुधा चौघांनाही एकदमच कळलं. यंदाच्या बर्फाला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"बकरं तुम्हीच आधी उचललं होतं," सापार म्हणाले.

"मला माहीत आहे," आबा म्हणाले.

झूराने याक परत फिरवले आणि इंजिन निवल्यावर ट्रक त्यांच्या वाटेला लागला. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती होत्या, त्यामुळे वळायची सोयच उरली नाही. बारा याक पुढे, मागे ट्रक, दुपारपर्यंत गवत वर. तीनशे साठ तोंडं खायला लागल्यावर जो आवाज झाला, तो ऐकत सागिन चहाचा घोट घेणार, एवढ्यात शेजारी मास्तर म्हणाले, "शेवटी तरंगलाच की नाही?" तुर्दुबेक म्हणाला, "खणला म्हणून तरंगला." आणि तिथून पुढे बायकोने ट्रक वर नेल्याची गोष्ट गावात कधी घडलीच नाही.

वसंतात वाहनाची वार्षिक तपासणी आली. तपासनीसाने चारी टायर पाहिले, ट्रकभोवती दोनदा फिरला आणि कागद तसाच परत दिला. म्हणून मास्तरांच्या सुवाच्य अक्षरात एक अर्ज गेला. त्याखाली चौघांच्या सह्या आहेत. आबांची आणि सापारची एकाच ओळीत, जागा पुरेशी असतानाही.

'मा. जिल्हा वाहन तपासणी अधिकारी यांस. सदर ट्रकचे टायर बदलणे शक्य नाही, कारण चारही टायरांना आशीर्वाद दिलेला आहे. तरी नोंदणीपुस्तकात "टायरचा प्रकार" या रकान्यात "याक, नग बारा" अशी नोंद करावी, घंटा बांधलेल्या म्हाताऱ्या याकास स्टेपनी म्हणून मान्यता द्यावी, आणि पुढील तपासणी, अधिकाऱ्यांच्या सोयीने, बर्फ छातीभर झाल्यावर सारी-बेलच्या माथ्यावर ठेवावी, ही नम्र विनंती.'