घरगुती वापरास योग्य

हेल्मेट, नमुना सतरा. दोन मीटर उंचीवरून फरशीवर टाकले. हेल्मेट शाबूत, फरशीला तडा. पास. फरशीबाबत स्वतंत्र पत्रव्यवहार.

"अहो, नळ गळतोय."

इस्त्री, नमुना तीन. तापत नाही. उत्पादकाचा खुलासा : म्हणूनच सुरक्षित. नापास.

वर्तमानपत्र, पान पाच. देशाला दर्जेदार नेतृत्वाची नितांत गरज असल्याचे मत परिसंवादात चार वक्त्यांनी मांडले. चौघेही निवडणुकीला उभे आहेत.

"बाबा, मला माझी खोली कधी मिळणार?"

शिडी, नमुना नऊ. चढताना उत्तम. वर पोचल्यावर खालच्या पायऱ्या निखळतात. नापास.

तर मंगळवार असा नेहमीसारखा चालला होता. सरकारी प्रयोगशाळेतले ज्येष्ठ परीक्षक गेली सत्तावीस वर्षं वस्तू आपटून, तापवून, बुडवून पाहत होते. उत्पादक त्यांना पाठीमागे नापासकाका म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं. आठ महिन्यांनी निवृत्त होताना सोबत न्यायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती : त्यांच्या शिक्क्याखाली आजवर एकही खराब वस्तू बाहेर गेलेली नव्हती.

चार वाजता प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी बोलावलं. प्रमुख वयाने लहान, त्यामुळे एरवी 'काका' म्हणत. काम अवघड असलं की 'काकासाहेब'.

"काकासाहेब, बसा ना."

परीक्षक सावध झाले आणि उभेच राहिले.

नवा कायदा आला होता. हेल्मेटला गुणवत्तेचा शिक्का लागतो, इस्त्रीला लागतो, मग उमेदवाराला का नको? यापुढे शिक्क्याशिवाय मतपत्रिकेवर नाव नाही. कायदा एकमताने मंजूर झाला होता, कारण मंजूर करणाऱ्यांना तो लागू नव्हता.

प्रयोगशाळेकडे चार नमुने आले. भार चाचणीत पहिल्या नमुन्यावर जबाबदारी ठेवताच त्याने ती शेजारच्यावर टाकली. शेजारी दुसरा नमुना होता. तो त्या भाराखाली दुसऱ्या पक्षात गेला. तिसऱ्याने स्वतः न येता स्वतःचा फलक पाठवला. फलक सगळ्या चाचण्यांत टिकला, पण कायद्याने त्याला उमेदवार धरता येईना.

उरला चौथा. गळती चाचणीत त्याला सांगितलेलं गुपित अकरा मिनिटांत कॅन्टीनमध्ये पोचलं. उष्णता चाचणीत तो स्वतः जराही तापला नाही; खोलीतले दोन सहायक मात्र एकमेकांची कॉलर धरून बाहेर आले. परीक्षकांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," प्रमुख म्हणाले. "हाही नापास झाला तर मतपत्रिका कोरी जाईल. लोक कोऱ्या जागेवर शिक्का मारतील आणि कोरी जागा निवडून येईल."

"येऊ द्या की. गळणार तर नाही."

"नियम चौदा वाचलाय ना तुम्ही?"

नियम चौदा परीक्षकांनीच लिहिला होता, एका किटलीवरून. प्रयोगशाळेत वस्तूबद्दल एकमत होत नसेल, तर परीक्षकाने ती सात दिवस घरी वापरून पाहायची. या नियमापायी त्यांच्या घरात कायम परक्या किटल्या, परके पंखे. "आपल्या घरात एक तरी वस्तू आपली आहे का हो?" असं बायको अधूनमधून विचारी.

बुधवारी संध्याकाळी उमेदवार आले. दारात त्यांनी बॅग खाली ठेवली. हसू ठेवलं नाही.

"हे कुठे ठेवायचं?" बायकोने विचारलं.

"हॉलमध्ये. पाण्यापासून लांब," परीक्षक म्हणाले.

पण उमेदवार थेट स्वयंपाकघरात शिरले आणि गळक्या नळासमोर चार मिनिटं वाकून उभे राहिले.

"कधीपासून गळतोय, वहिनी?"

"दोन महिने झाले."

"अरेरे. आणि हे घर कोण चालवतं?"

बायकोने परीक्षकांकडे पाहिलं. त्या नजरेत दोन महिने होते.

गुरुवारी नळाला लाल फीत बांधलेली दिसली. 'गळतीमुक्त स्वयंपाकघर' योजनेचा शुभारंभ परीक्षकांच्या आईच्या हस्ते झाला. आईने फीत कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नळ फितीवर गळत राहिला.

"अरे, आजवर मला कुणी कात्री हातात दिली नव्हती," आई डोळे पुसत म्हणाली.

शुक्रवारी आणखी एक गोष्ट उघडकीला आली. आजी आणि नात एकाच खोलीत झोपत आणि दोघींना ती खोली पूर्ण हवी होती. उमेदवारांनी आजीला ती पूर्ण देण्याचं वचन दिलं होतं. नातीलाही.

परीक्षकांनी त्यांना गॅलरीत गाठलं. "खोली एकच आहे. दोघींना कशी देणार?"

"दादा, तुम्ही वस्तू तपासता, मी माणसं जोडतो. आजी खूश आहेत ना? ताई खूश आहे ना? खोली एकच, पण आनंद दोन झाले. तुमच्या कारकिर्दीत किती झाले होते?"

परीक्षकांनी वहीत लिहिलं : 'आश्वासनक्षमता मर्यादेबाहेर. आवाज बंद करण्याचे बटण आढळले नाही.' मग ते खाली दुकानात गेले, एक वॉशर आणला, पाना घेऊन नळ उघडला आणि बारा मिनिटांत बसवला. नळ गळायचा थांबला. सत्तावीस वर्षांत त्यांनी एवढ्या समाधानाने पाना खाली ठेवला नव्हता.

शनिवारी सकाळी हॉलच्या भिंतीवर मोठा फोटो लागला. कोरडा नळ. त्याच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे उभे असलेले उमेदवार.

"बघ, तीन दिवसांत करून दाखवलं," आई म्हणाली. "तुला दोन महिने जमलं नाही."

"आई, वॉशर मी बसवला. काल."

"तू? मग आधी का नाही बसवलास?"



मुलगी म्हणाली, "बाबा, ते आल्यावरच बसला ना पण? मग त्यांच्यामुळेच."

त्याच दुपारी फ्रिजवर कागद चिकटला. 'कुटुंबप्रमुख पदाची निवडणूक. रविवार, सकाळी नऊ ते दहा. घरात राहणारा कोणीही उभा राहू शकतो; मत मात्र फक्त कुटुंबीयांना. समसमान मते पडल्यास विद्यमान प्रमुख कायम.' परीक्षकांनी तो वाचला, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका लाल पेनाने सुधारल्या आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. असल्या पोरखेळाकडे लक्ष द्यायला ते काही रिकामे नव्हते.

रविवारी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मतदान झालं. उमेदवारांना दोन मतं, परीक्षकांना एक. अकरा वाजता परीक्षक हॉलमध्ये आले तेव्हा त्यांच्या खुर्चीत उमेदवार बसले होते आणि त्यांच्या हातात परीक्षकांचं वर्तमानपत्र होतं.

"या दादा, बसा," उमेदवारांनी स्टूल दाखवलं. "तुमचं मार्गदर्शन लागेलच."

सोमवारी परीक्षकांनी संध्याकाळभर बसून अहवाल लिहिला. 'गळती : कायम. भार : दुसऱ्यावर. उष्णता : इतरांत निर्माण करतो. दुरुस्ती : स्वतः करत नाही, इतरांनी केल्यास फोटो काढतो. शेरा : नापास.' शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या. मंगळवारी सकाळी अहवाल प्रमुखांच्या टेबलावर ठेवला.

प्रमुखांनी तो आदराने वाचला आणि आदराने बाजूला सारला.

"काकासाहेब, हे तुमचं वैयक्तिक मत झालं. नियम चौदा काय म्हणतो? घरी वापरलेल्या वस्तूचा निकाल कुटुंबप्रमुखाच्या अभिप्रायावर. तुम्हीच लिहिलंय, 'परीक्षकाची लहर चालणार नाही' म्हणून."

"मग कुटुंबप्रमुख मीच."

"होतात." प्रमुखांनी फायलीतून एक कागद काढला. 'सात दिवस वापरले. अत्यंत समाधानकारक. घरातील सर्वांना हवेहवेसे.' खाली उमेदवारांची झोकदार सही.

"हे त्याने स्वतःच स्वतःबद्दल लिहिलंय!"

"नमुना म्हणून नाही लिहिलं. कुटुंबप्रमुख म्हणून लिहिलं. दोन वेगळी पदं आहेत."

"मी शिक्का मारणार नाही."

"नका मारू," प्रमुख समजुतीने म्हणाले. त्यांनी परीक्षकांच्या टेबलावरून आधीच मागवून ठेवलेला शिक्का उचलला, शाईत टेकवला आणि दाबला. "हात कुणाचा होता, ते कुठे उमटतं?"

परीक्षकांनी कागद उजेडात धरून पाहिला. शिक्का अगदी स्वच्छ उमटला होता. त्यांच्या हातून तो नेहमी डाव्या बाजूला जरा फिका येई.

मतपत्रिकेवर एकच नाव छापलं गेलं. नावापुढे 'घरगुती वापरास योग्य', आणि खाली परीक्षकांचा क्रमांक.

ते घरी पोचले तेव्हा उमेदवार बॅग घेऊन जिना उतरत होते. आतल्या खोलीच्या दाराला दोन कुलपं लागली होती. एका किल्लीसह आई बाहेर उभी होती, दुसऱ्या किल्लीसह मुलगी. दोघींचं भांडण चाललं होतं. खोलीवरून नाही, उमेदवारांना आपल्यापैकी कोण जास्त आवडतं यावरून.

परीक्षक स्वयंपाकघरातल्या ओट्याला टेकून उभे राहिले.

"सत्तावीस वर्षं," ते म्हणाले. "आणि घरच्यांनी घात केला."

"माझ्याकडे बघून बोलू नका हं," बायको म्हणाली. "मी तुम्हालाच दिलं होतं मत."

"खरंच?"

"प्रेमानं वगैरे नाही. सवयीनं."

 परीक्षक बोटांवर हिशेब केल्यासारखं करत म्हणाले, "म्हणजे दोनाला एक. आणखी एक जरी पडलं असतं..."

"तर समसमान. तुम्हीच राहिला असतात," बायको म्हणाली, आणि भांडी विसळू लागली.

त्या रविवारी सकाळी नऊ ते दहा परीक्षक मतांच्या डब्याशेजारच्या खोलीत अंथरुणात जागेच होते. सुट्टी होती, म्हणून उठले नाहीत.