‘तो फोन उचलते का?’

मेश्रामजी पहिल्यांदा आमच्या अंगणात डबा उघडून बसले, तेव्हा मी त्यांना वाटीत लोणचं नेऊन दिलं. डब्याच्या चारही कप्प्यांत फोन होते.

चार कंपन्यांचे चार फोन, प्रत्येक कप्प्यात एक. जवाहरनगरच्या कारखान्यात त्यांची उभी हयात तपासनीस म्हणून गेली. निवृत्त होऊन ते दिघोरीला परतले, तोवर आठवडी बाजारात छत्र्या लावून सिमकार्डं विकणारे एजंट बसू लागले होते. लोक तिथे सिम घेत आणि घरी येऊन कपाळाला हात लावत. मग कोणाला कोणतं सिम, कोणता पॅक, हे तपासून सांगायचं काम मेश्रामजींनी आपणहून अंगावर घेतलं. फुकट. लोणचं मात्र त्यांनी खाल्लं.

“बाजारात टॉवर आहे म्हणून बाजारातच राहान काय?” असं विचारून ते माणसाला जिथून बोलायचं तिथेच उभं करत. धानाच्या बांधीत, गोठ्यात, कुठेही. एका धडधाकट म्हाताऱ्याला त्यांनी भर दुपारी खाटेवर निजवून फोन लावायला लावला. “आजारी पडान तं खाटेवरूनच बोलान ना, बुवा?”

इथवर गाव त्यांच्यावर खूश होतं. घोटाळा त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाने केला. “फोन कोणाले लावता? तो फोन उचलते का?”

शेजारच्या गिरजाबाईला एजंटाने सांगितलेला मोठा पॅक हवा होता. “माहा पोरगा हैदराबादले आहे जी. मले त्याचा चेहरा दिसला पायजे.”

मेश्रामजींनी तिला तीन दिवस सकाळी फोन लावायला लावला. रोज घंटी वाजून वाजून थांबली. त्यांनी वहीत लिहिलं आणि सांगितलं, “गिरजाबाई, तुले लहान पॅक पुरते.”

“काहून जी? चेहरा कसा दिसन मंग?”

“उचलतच नाई तं चेहरा कुठून दिसन?”

ती भडकली. “तुमचा पोरगा तरी उचलते का?”

“वहीत पहिलं पान माहंच आहे,” मेश्रामजी म्हणाले. “फेल.”

अशीच वही भरत गेली. मोठा पॅक मिळालेलं एकही घर मला आठवत नाही. पोरं पुण्याला, हैदराबादला, आणखी कुठे कुठे. आणि इथे घरोघर लहान पॅक. मेश्रामजी रस्त्याने येताना दिसले की लोक दार लोटून घेऊ लागले. निकाल घरच्यांना ठाऊकच असायचा; वहीत लिहिलेला नको असायचा.

मी त्यांना बोलावलं, कारण मला वाटलं आपण पास होऊ. नातवंडांनो, दर रविवारी सकाळी दहाला फोन करायचं तुम्ही कबूल केलं होतंत, आणि मी ते डायरीत शाईने लिहून ठेवलं होतं. तुमचे चेहरे न थरथरता दिसावेत म्हणून मला तारेचं इंटरनेट हवं होतं.

“तीन रविवार तपासू, बाई,” मेश्रामजी म्हणाले.

पहिल्या रविवारी माझा फोन मध्ये, त्यांचे चार भोवती, असे आम्ही बाराला पाच कमी होईपर्यंत बसलो. फोन आला नाही. मी म्हटलं, परीक्षा असतील. दुसऱ्या रविवारी तुम्ही बसमध्ये चढत होतात. “आज्जी, नंतर करतो,” एवढं ऐकू आलं. तिसऱ्या रविवारी मी चहा केला, पोहे केले, आणि दोन्ही गार झाले.

मेश्रामजींनी वही उघडली. पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या घरात टॉवरच येऊन नाई राहिला. पोरं लावत असन, लागत नसन. तारेचंच घ्या तुम्ही.”

मी पाचही फोनांकडे पाहिलं. पाचांवरही टॉवरच्या दांड्या भरलेल्या होत्या. मी चष्मा लावलेला आहे, हे त्यांना दिसत होतं.

“बरं,” मी म्हटलं.

“आन् मी येत जाईन रविवारी. तार बरोबर चालते का, पाहाले.”

तेव्हापासून ते येतात. दहाला. तार तपासत नाहीत. आम्ही पेपर वाटून वाचतो. तुमचा फोन आलाच तर ते लगेच उठून अंगणात जातात, रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात, आणि माझं बोलणं संपेपर्यंत आत येत नाहीत.

मागच्या महिन्यात तुम्ही विचारलंत, “आज्जी, तुझ्या मागे खिडकीत पाठमोरे कोण उभे आहेत?” मी सांगायला सुरुवातही केली होती. पण तुम्हाला निघायचं होतं.