ढोबळेभाऊंचं तिसरं माप

ढोबळेभाऊ नमस्कार करायच्या आधी समोरच्याचं वजन सांगतात. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर किलो. त्यातबी चरबीच लय हाय." तो माणूस कोण होता, असं सासरे मला आजही विचारतात.

आम्ही दोघं एकाच सर्व्हेत आहोत. नागपूर जिल्ह्यात घरोघर जाऊन लोकांची उंची, कंबर, दंड मोजायचे, अंगात चरबी किती अन् स्नायू किती ते काट्यावर बघायचं. हजारो माणसांची मापं जमली की त्यावरून आजारांचा अभ्यास होणार. मी एम.एस्सी. ढोबळेभाऊ आधी गांधीबागेत कापड मोजायचे. तरी दारं त्यांनाच उघडतात, आणि माझा जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू? काट्यावर चढताना अंगावर धातू चालत नाही, जोडवी काढा म्हटलं, की बाई माझ्या तोंडावर दार लावते. भाऊ म्हणतात, "राहू दे वं माय, जोडवे होते म्हनून मी फॉर्मात लिवतो." बाई खुशाल काट्यावर चढते, वर चहा पाजते. मला साधं पाणी मिळत नाही.

त्यातच आमच्या टीमचा पर्यवेक्षक नेमायचा होता. ते पद मला हवं होतं. मी त्यांचे फॉर्म चाळले आणि सापडलं! नियम असा, की प्रत्येक माप दोनदा घ्यायचं. आकडे जुळले नाहीत तरच तिसऱ्यांदा. यांच्या कितीतरी फॉर्मांत दोन्ही आकडे तंतोतंत, तरी तिसरा रकाना भरलेला. मी लगेच सर्व्हेच्या प्रमुख मॅडमकडे चुगली केली. त्या म्हणाल्या, "सोबत जाऊन बघा आणि लेखी द्या." मी आनंदानं गेलो.

सावनेरला एकटीच राहणारी एक आजी होती. दंडाचं माप साडेएकवीस सेंटिमीटर आलं. पुन्हा साडेएकवीस. तरी भाऊंनी तिचा हात आपल्या तळहातावर घेतला आणि सावकाश परत टेप गुंडाळली. आजी हसत हसत त्यांच्याशी बोलत राहिली.

बाहेर येताच मी त्यांना धरलं. "भाऊ, तिसऱ्यांदा काहून घेतलं?"

"तिच्या आंगाले हात लावनारं कोनी नाही गा. पोरगं पुन्यात. एक माप जास्त घेतलं तं काय बिघडते?" गाडीची किल्ली लावता लावता ते थांबले. "तुयी वहिनी गेली तवापासून मले तरी कोन हात लावते? न्हावी लावते, महिन्यातून एकदा."

मला लाज वाटली. मी टेप काढली. "हात वर करा, भाऊ. माझा सराव कच्चा आहे."

कंबर शहाण्णव. पुन्हा शहाण्णव. भाऊ डोळे मिटून उभे होते, हात वरच. मी परत टेप गुंडाळली आणि अजिबात घाई केली नाही.

तिसरं माप गरजेचं होतं, असं मी मॅडमना लेखी दिलं. पद अर्थात भाऊंना गेलं. मी अजूनही जळतो. आता माझे फॉर्म तेच तपासतात, आणि तिसरा रकाना भरलेला दिसला की काही न विचारता सही करतात.