शंभरापैकी बारा

ओकुदा मास्तरांनी कांजी इनागाकीला शंभरापैकी बारा गुण दिले, आणि तेही हात सैल सोडून.

कांजी त्यांचा बालमित्र. दोघांनीही पंचाहत्तरी ओलांडलेली, आणि दोघांच्या घरांची मागची कुंपणं एकमेकांना चिकटलेली. जपानातल्या आमच्या इगाच्या डोंगरात ज्याच्या घरी दोन गंजकी अवजारं आणि एक अंधारा माळा असेल तो स्वतःला निन्जांचा, म्हणजे जुन्या काळच्या हेरांचा, वंशज म्हणवतो. कांजीही म्हणवत असे. दर रविवारी तो काळा पोशाख चढवून पाहुण्यांना घर दाखवी आणि गळ्यातल्या छोट्या लाउडस्पीकरवरून सांगे, "माझे खापरपणजोबा या तळ्यावरून चालत जायचे. पायाला नुसती लाकडाची चकती!"

मास्तरांनी अडतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. कुंपणापलीकडून दर रविवारी येणाऱ्या या थापांनी त्यांचं डोकं फिरे. त्या रविवारी मात्र त्यांनी हद्द केली. कांजीचं एकेक वाक्य जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं आणि समोर लाल शाईने शेरे मारले. 'पाण्यावर चालणे: अशक्य. ही चकती मांजरालाही तोलणार नाही. शून्य.' 'काळा पोशाख: नाटकवाल्यांची करामत. खरा हेर शेतकऱ्याच्या किंवा भिक्षूच्या वेषात हिंडे. शून्य.' 'बोटांच्या नऊ मुद्रा करून अदृश्य होणे: मुद्रा करीत, मन शांत करण्यासाठी. अदृश्य कोणी होत नसे. दोन गुण.' 'लोकांत मिसळून बातमी काढणे व ती लक्षात ठेवणे: खरे. दहा गुण.' बाकी सगळीकडे शून्य. शेवटी बेरीज, आणि खाली सवयीने 'अभ्यास वाढवावा'.

हा कागद कुणाला दाखवायचा नव्हता. मनातली मळमळ काढायची, कागद खणात टाकायचा आणि संध्याकाळी कांजीकडे शोगीचा, आमच्याकडच्या बुद्धिबळाचा, पट मांडायला जायचं, असा त्यांचा बेत होता. पण लिहायला हाताखाली काहीतरी कडक हवं म्हणून त्यांनी आळीची फिरती पाटी घेतली होती. चिमट्यात सूचनांचे कागद लावलेली ही पाटी आमच्या नऊ घरांतून फिरते. आपला शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात नेऊन ठेवायची. पहिलं घर मास्तरांचं, शेवटचं कांजीचं.

रात्री त्यांनी पाटी चिमट्यातल्या कागदासकट खणात सरकवली. सोमवारी सकाळी मास्तर फिरून आले तो खण रिकामा.

"फुमिए, पाटी कुठंय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"पुढे दिली. शनिवारपासून पडली होती आपल्याकडे. लोक काय म्हणतील?"

"आणि चिमट्यातला कागद?"

"कागदासाठीच असते ना पाटी?"

"तू वाचलास तो?"

"ती पाटी कधी कुणी वाचलीय? शिक्का मारायचा नि मोकळं व्हायचं!"

हे अगदी खरं होतं. मास्तर स्वस्थ बसते तर मधल्या सात घरांत कुणी त्या कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण नववं घर कांजीचं होतं. तीन वर्षांपूर्वी बायको सेत्सू गेल्यापासून कांजी एकटा होता आणि हाती लागेल ते वाचायचा, औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा. मास्तरांना त्याच्यावाचून दुसरा मित्र नव्हता. ते तसेच बाहेर पळाले.

दुसऱ्या घरी नागाई आजी मुळे धूत बसल्या होत्या. "पाटी? ती केव्हाच गेली. का रे, गटारं साफ करायचा दिवस बदलला की काय?"

"नाही आजी, विशेष काही नाही."

"विशेष काही नाही, मग दोन पायांत दोन वेगळ्या चपला कशा?"

मास्तरांनी खाली पाहिलं. एक त्यांची होती, एक फुमिएची. ते तसेच पुढे निघाले, आणि त्यांची पाठ वळताच आजींनी हात पुसून फोन उचलला.

चौथं घर तोमारू तोफूवाल्याचं. त्याच्या फाटकाशी चार माणसं जमली होती. मास्तर दिसताच तोमारू कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, काळा पोशाख खोटा? मग गेल्या जत्रेत भर उन्हात मी तो घालून घामाने निथळलो ते कशाला?"

"तुम्ही... तुम्ही वाचलात?"

"आजींनी फोन केला ना. म्हणाल्या, त्या पाटीत काहीतरी आहे, मास्तर धाप लागेस्तोवर धावतायत. मग वाचणार नाही तर काय?"

"पण बारा म्हणजे फारच कमी दिलेत हो," तोमारूची बायको म्हणाली. "बिचारा उन्हातान्हात उभा राहतो. हजेरीचे तरी पाच द्यायचे."

"पाटी कुठंय?" मास्तर जवळजवळ ओरडले.

"पाठवली की पुढे! एरवी आमच्याकडे चार दिवस लोळते, आज चार मिनिटं ठेवली नाही. तुमचं एवढं तातडीचं काम! फक्त फॅक्सवर एक प्रत काढून घेतली, थोरलीला पाठवायला."

जी पाटी नऊ घरं फिरायला तीन आठवडे लावी, ती त्या दिवशी वाऱ्यासारखी सुटली. पाचव्या घराने सहाव्याला हाक मारली, सहाव्याने सातव्याच्या हातात नेऊन दिली. मास्तर जितके जोरात पळत, तितकी आळी त्यांच्या मदतीला जोरात धावे. सातव्या घरापाशी त्यांच्या लक्षात आलं की आपण पळतोय म्हणूनच पाटी पळतेय. आता गुपचूप काम करायला हवं.

आठव्या घराच्या मागे चहाची झुडपं आहेत. मास्तर त्यांच्या आडून कमरेत वाकून निघाले. कालच त्यांनी 'कुणाच्या नकळत घरात शिरणे' या वाक्यापुढे 'अतिरंजित' असा शेरा मारला होता, आणि तो किती रास्त होता हे त्यांना दहा पावलांत कळलं. आधी कंबर धरली. मग त्या घरच्या कुत्र्याने त्यांना ओळखलं आणि आनंदाने भुंकत सगळा डोंगर डोक्यावर घेतला. तरी ते दारातून आत घुसले. पाटी आतल्या खोलीत, बैठ्या मेजावर दिसत होती. मास्तरांनी झेप घेतली.

"मास्तर! चपला!"

घरधनीण काझुए दारात उभी होती. तिच्या लखलखीत फरशीवर चिखलाची चार पावलं उमटली होती, दोन त्यांची आणि दोन फुमिएच्या चपलेची. उभ्या जन्मात मास्तर कुणाच्या घरात चपला घालून शिरले नव्हते. ते मटकन खाली बसले आणि कपाळ जमिनीला टेकवून माफी मागू लागले. काझुए म्हणाली, असू द्या. मास्तर म्हणाले, असू कसं द्या? ती म्हणाली, उठा हो. ते म्हणाले, कुठल्या तोंडाने उठू? रीत म्हणजे रीत, ती पुरती केल्याशिवाय उठता येईना.

शेवटी मान वर केली तेव्हा मेजावर पाटी नव्हती. बाहेरून काझुएचा नवरा स्कूटर बंद करून हसत आत आला. "तुमचं माफीचं चाललं होतं, म्हटलं तेवढ्यात काम उरकून टाकू. दिली कांजीच्या हातात!"

कांजी ओसरीवर बसला होता. चष्मा नाकावर, पाटी मांडीवर. त्याने शिक्का मारला होता, नेहमीसारखा, चौकटीच्या बरोबर मधोमध.

"ये," तो म्हणाला. "बारा म्हणजे नापासच ना रे?"

"कांजी, चुकलं माझं. लिहायलाच नको होतं."

"चुकलंय कुठे? सगळं बरोबर लिहिलंयस. पाण्यावर कुणी चालत नाही हे काय मला माहीत नाही? लग्नाच्या वर्षी ती चकती बांधून उतरलो होतो मी तळ्यात. सेत्सूने बांबू घालून बाहेर काढलं."

"मग दर रविवारी का सांगतोस?"

"ती वाक्यं माझी नाहीत, सेत्सूची आहेत. घर दाखवायचं ठरलं तेव्हा शेंगा सोलता सोलता रचली तिने. मी म्हटलं, सगळ्या थापा आहेत गं. तर म्हणाली, तुम्ही गुपचूप काळे कपडे घाला आणि मी सांगते तसं म्हणा." कांजीने चष्मा काढून पुसला. "आता ती नाही. रविवारी वीस मिनिटं तिचं बोलणं माझ्या तोंडून ऐकू येतं, एवढंच."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सेत्सूवहिनींच्या हातची लोणची त्यांनी चाळीस वर्षं खाल्ली होती, आणि बारा गुण दिले होते ते त्यांना. 'अभ्यास वाढवावा' हेही त्यांनाच.

"पण एक बरं झालं," कांजी म्हणाला. "तिने कागदावर काही ठेवलं नव्हतं, आणि हल्ली माझे शब्द निसटतात. तू सगळं जसंच्या तसं उतरवलंयस. तेवढी लाल शाई वगळून एक चांगली प्रत काढून दे."

मास्तरांनी तिथेच बैठक मारली आणि सुवाच्य अक्षरात प्रत काढली. कांजी बोटांवर मोजत होता. "सोळाच झाली. सतरा होती. तळ्याच्या पुढचं एक राहिलं. काय होतं रे ते?"

मास्तरांचा हात थांबला. तळ्याचं वाक्य झालं की दर रविवारी त्यांना असह्य होई. ते धाडकन खिडकी लावून घेत आणि मुद्रांच्या वाक्यापर्यंत उघडत नसत. "ते मी कधी ऐकलंच नाही कांजी. पण काल तर लिहायचं म्हणून मी खिडकी उघडीच ठेवली होती. काल तू ते म्हटलंच नाहीस."

"कसं म्हणणार? तुझी खिडकी वाजली की मला ते आठवायचं. काल वाजली नाही, आणि मी तसाच पुढे गेलो." कांजीने कुंपणाकडे बोट केलं. "जातोस का? लावून बघ. लावतोस तशीच."

मास्तर उठले, घरी गेले, आणि भर सोमवारी दुपारी त्यांनी सगळी ताकद लावून खिडकी आपटली. फुमिए स्वयंपाकघरातून ओरडली, "आज कुणावर राग?" त्यांनी खिडकी लगेच उघडली आणि कान देऊन उभे राहिले.

कुंपणापलीकडून कांजीचा आवाज आला.

"नाही रे. पुन्हा एकदा."