गोड, कडू आणि बारा घोरपडी

एका जंगलात, बाळांनो, तळं एकच होतं, पण त्याच्या पाण्याबद्दल मतं दोन होती. अर्धं जंगल म्हणायचं, पाणी गोड आहे. अर्धं म्हणायचं, कडू आहे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, एक घोट घ्यायचा आणि ठरवायचं. तुम्ही अजून लहान आहात, म्हणून तुम्हाला असं वाटतं.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदर राहत होती. तिला मोजण्याचं वेड होतं. रोज सकाळी ती तळ्याकाठच्या उंच दगडावर बसे आणि कोण काय म्हणतं ते ऐके. वाळूत चौकटी आखून गोड म्हणणाऱ्यासाठी पांढरा खडा ठेवी, कडू म्हणणाऱ्यासाठी काळा.

सहा महिन्यांनी तिच्या एक गोष्ट लक्षात आली. पाण्याला तोंड लावण्याआधी प्रत्येक प्राणी आजूबाजूच्या चौघांना विचारून घेत होता. चौघांतले तिघे गोड म्हणाले की तोही गोड म्हणे. दुसऱ्या दिवशी शेजारी बदलले की मतही बदले. पाणी पोटात जाई, पण चव कोणी घेत नसे. कशाला घेणार? उत्तर आधीच मिळालेलं असे.

साळूबाईला फार आनंद झाला. एवढं मोठं जंगल, आणि एवढ्याशा नियमावर चालतं! आणि ते कळलं होतं फक्त तिला.

अडचण एकच होती. तळ्यात पाठकबुवा नावाचं एक म्हातारं कासव होतं. ते नियमात बसेना.

"पाठकबुवा, पाणी गोड की कडू?" साळूबाईने विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही कसं असेल? एक काहीतरी सांगा."

"मला कोणी विचारत नाही तोवर दोन्ही असतं," पाठकबुवा म्हणाले. "तुम्ही असं डोळे रोखून विचारलंत की तोंडातून एक काहीतरी पडतं आणि दुसरं आतच विरून जातं. मग मलाही वाटायला लागतं की एकच होतं."

साळूबाईकडे दोन्ही रंगांचा खडा नव्हता. तिने पाठकबुवांना मोजणीतून वगळलं. बाकी हिशेब अगदी सुरेख जुळला.

ही बातमी राजाच्या कानावर गेली. त्या जंगलाचा राजा एक अस्वल होता. त्याचं नाव झिपरोजी महाराज. तळ्याच्या वरच्या उतारावर त्यांची मोहाची भट्टी होती. महाराजांनी साळूबाईला बोलावून घेतलं. शेजारी त्यांचा दिवाण बसला होता, तो तरस होता.

"साळूबाई," महाराज म्हणाले, "सगळ्यांनी पाणी गोड म्हणावं अशी आमची इच्छा आहे. काय करावं लागेल? पाणी गोड करावं लागेल का?"

"छे, छे," साळूबाई म्हणाली. "पाण्याचा यात काही संबंध नाही, महाराज."

हे ऐकून महाराजांना फार बरं वाटलं.

"तळ्यावर शंभर प्राणी येतात," साळूबाई उत्साहाने सांगू लागली. "आपल्याला फक्त बारा हेकट हवेत. शेजारी काहीही म्हणोत, त्यांनी आपलं गोड सोडायचं नाही. आणि त्यांना एका जागी बसवू नका. काठभर विखरून बसवा. म्हणजे प्रत्येकाच्या शेजारी कधी ना कधी एक हेकट येईल."

"घोरपडी चालतील?" दिवाणाने विचारलं.

"घोरपडी तर उत्तमच."

दुसऱ्या दिवसापासून बारा घोरपडी तळ्याकाठी बसल्या. चोविसाव्या दिवशी शेवटच्या रानमांजराने गोड म्हटलं. साळूबाईने चोविसावाच दिवस सांगितला होता. महाराजांनी शाल पांघरवून तिचा सत्कार केला. शाल काट्यांत अडकून फाटली, पण टाळ्या भरपूर पडल्या.

सत्कार आटोपून ती घरी निघाली तेव्हा वाटेत गोदाक्का उभी होती. गोदाक्का म्हणजे ओढ्यापलीकडची भेकरीण. तिचं पाडस तिच्या पोटाशी टेकून बसलं होतं. त्याची मान वर राहत नव्हती.

"साळूबाई, आठ दिवस याचं पोट दुखतंय. खाल्लेलं राहत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. तळ्याचं पाणी गोड आहे ना?"

"शंभरच्या शंभर जण गोड म्हणतात," साळूबाई म्हणाली.

"ते मलाही माहीत आहे. त्या शंभरात मीसुद्धा आहे. तुम्ही प्यायलात का?"

 साळूबाई तळ्याचं पाणी पीतच नसे. कंदमुळांच्या ओलाव्यावर तिचं भागत असे. गेले सात महिने ती तळ्याकाठी बसत होती, पण तिने एक थेंब जिभेवर घेतला नव्हता.

ती तशीच मागे वळली आणि तळ्यावर गेली. एक घोट घेतला. पाणी कडू होतं. नुसतं कडू नव्हे, कुजल्या मोहाचा आंबूस वास त्याला येत होता. तिच्या घशात जळजळलं. त्याहून जास्त जळजळ तिला शालीची झाली.

"पाणी कडू आहे," ती मोठ्याने म्हणाली.

सगळ्यांनी आपापल्या चार शेजाऱ्यांकडे बघितलं आणि परत पाण्यात तोंड घातलं.

मग साळूबाईने स्वतःचाच उपाय उलटा लावायचं ठरवलं. गोदाक्का होतीच. ज्यांची पिल्लं आजारी होती अशा आणखी दहा आया तिने गोळा केल्या. बारावी ती स्वतः. सगळ्यांनी शपथ घेतली की काही झालं तरी कडू सोडायचं नाही.

महिनाभरात निम्मं जंगल कडू म्हणू लागलं. मग ते तिथेच थांबलं. आज पन्नास, उद्या त्रेपन्न, परवा अठ्ठेचाळीस. साळूबाईने पुन्हा वाळूत चौकटी आखल्या आणि खडे मांडले. दोन्हीकडे हेकट असले की निकाल कधीच लागत नाही, असं तिचेच खडे सांगत होते. दहा वर्षं थांबलं तरी नाही.

महाराज आधी चिडले. दिवाणाने त्यांना शांत केलं.

"भांडू देत, महाराज. पाण्यावर चर्चा चालू आहे तोवर वर भट्टीकडे कोणी फिरकणार नाही."

त्यामुळे रोज सकाळी तळ्याकाठी परिसंवाद भरू लागला. बोलून बोलून घसा कोरडा पडला की सगळे तेच पाणी पीत. पाडसाची मान अजून वर आली नव्हती. भांडणात पाठकबुवा उगाच काही बोलू नयेत, म्हणून दिवाणाने दोन घोरपडी त्यांच्यावर नेमल्या. त्या घटकेघटकेला विचारत, "गोड की कडू?" पहिल्यांदा त्यांच्या तोंडून गोड पडलं. दुसरं काही आतून वर यायच्या आत पुढचा प्रश्न येई. म्हाताऱ्याच्या तोंडून मग गोडच पडत राहिलं.

एका सकाळी परिसंवाद ऐन रंगात आला आणि त्या दोन घोरपडीही टाळ्या वाजवायला तिकडे गेल्या. साळूबाई पाठकबुवांच्या शेजारी येऊन बसली. तिने काही विचारलं नाही. खडे घरीच ठेवले होते. ऊन डोक्यावर आलं तरी ती नुसती बसून होती.

बऱ्याच वेळाने पाठकबुवा आपणहून बोलले.

"उत्तरेला झरा आहे. तिकडे पाणी गोड. दक्षिणेला भट्टीचा चोथा नाल्यातून येऊन पडतो. तिकडे कडू. मी दोन्हीकडे पोहतो. म्हणून म्हणत होतो, दोन्ही."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"एका शब्दात मावत नव्हतं," पाठकबुवा म्हणाले.

साळूबाई उठली आणि नाल्याकडे गेली. बाळांनो, साळिंदराला दुसरं काही नाही आलं तरी खणता येतं. तिने नऊ दिवस खणलं. नाल्याला नवी वाट काढली आणि सगळा चोथा पलीकडच्या खडकाळ खळग्यात सोडला. तिला कोणी अडवलं नाही. जंगल परिसंवादात होतं. आणि महाराजांना घाण कुठे जाते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ती जाते, एवढं त्यांना पुरे होतं.

झऱ्याने हळूहळू तळं धुऊन काढलं. दीड महिन्याने साळूबाई चारही बाजूंना जाऊन पाणी प्यायली. मग ती काठावर आली.

"आता पाणी गोड आहे," ती म्हणाली. "नाला वळवलाय. पिऊन बघा."

गोदाक्का तिच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हालाही त्यांनी फिरवलं तर."

"मला कोणी फिरवलं नाही, गोदाक्का. मी पाणी प्यायले."

"तीन महिन्यांपूर्वी तुम्हीच म्हणालात, कडू. शपथ तुम्हीच घ्यायला लावलीत."

"तेव्हा कडू होतं."

"आणि आता गोड?" गोदाक्का म्हणाली. "माझं पोर अजून नीट उभं राहत नाही, साळूबाई. आणि तुम्ही मतं बदलताय."

तिने पाडसाला पुढे घातलं आणि ती टेकडीपलीकडच्या डबक्याकडे निघाली. डबकं दोन कोसांवर होतं. पाडस दर दहा पावलांवर थांबत होतं. साळूबाई बऱ्याच अंतरापर्यंत मागे मागे गेली. गोदाक्काने वळून पाहिलं नाही. बाकीच्या दहाजणीही आपापली पिल्लं घेऊन त्याच वाटेला लागल्या.

महाराजांनी दवंडी पिटवली की पाणी पहिल्यापासून गोडच होतं. गोडवाले खूश झाले. पण त्यांनीही साळूबाईला जवळ केलं नाही. मध्यंतरी ती कडू म्हणत होती, हे सगळ्यांच्या पक्कं लक्षात होतं. घोरपडींचा मात्र सत्कार झाला, कारण त्या पहिल्या दिवसापासून आपल्या मतावर ठाम होत्या.

साळूबाई अजून रोज तळ्यावर येते. पाणी पिते. तिच्या शेजारी कोणी बसत नाही.

तात्पर्य: मत बनवण्याआधी पाणी चाखू नये. चाखलंच, तर पुन्हा चाखू नये.