करवतीतला राहू

"मी म्हणजे संशयाचा वैरी, सुगाव्याचा सोयरा, गूढांचा कर्दनकाळ! माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही, आणि सुटलीच तर ती निर्दोष असते!"

हा मजकूर सुगावेसाहेबांनी स्वतःच, स्वतःच्याच पाटीसाठी रचला होता. सुगावे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते गल्लीनं ठेवलेलं, कारण आजवर सुगावा तेवढा त्यांना कधी लागला नव्हता. बाकी ठेच, उचकी, झोप, सगळं वेळच्या वेळी लागायचं.

त्यांची मदतनीस म्हणजे त्यांची बायको. गल्ली तिला वहिनी म्हणे. वहिनी घरी कपड्यांच्या दुरुस्त्या करायची. उसवलेलं शिवायचं, लांबलेलं आखूड करायचं. साहेबांच्या तपासातही तिच्या वाट्याला हेच काम येई.

तर ती पाटी त्यांनी कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे काचेत बसवायला दिली होती. विचारायला गेलं की तो "उद्या" म्हणायचा. इतके उद्या झाले की साहेबांना त्यात कट दिसू लागला.

"चल," ते वहिनीला म्हणाले. "आज त्याचा बुरखा फाडायचाय."

"फाडा. मी सुई-दोरा घेते."

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून नुसते फोटो उभे होते. पदवीच्या टोपीतली पोरं, रुसलेली बाळं, कुणाचे तरी करारी आजोबा. एक नवराबायको लग्नाचा फोटो देऊन गेले होते, ते म्हणे आता एकमेकांशी बोलत नव्हते, तरी चौकट तयार नव्हती. या गर्दीत फ्रेमवाला विजेच्या करवतीसमोर हाताची घडी घालून बसला होता.

"माझी पाटी?" साहेबांनी भुवई उंचावली.

"राहुकाळ चालू आहे, साहेब."

"कालही तेच म्हणालात!"

"कालही चालू होता."

वहिनीला राहुकाळ ठाऊक होता. कॅलेंडरावर छापलेलाच असतो. उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या दिवसाचे आठ भाग करायचे, त्यातला एक राहूचा. तेवढ्या दीड तासात नवं काम सुरू करायचं नाही. भाग रोजचा वेगळा. सोमवारी तो सकाळी दात घासायच्या सुमारास येतो, रविवारी संध्याकाळी. एकूण फिरतीची नोकरी.

"पण दिवसातून एकदाच येतो ना तो?" तिनं विचारलं.

"जगाला एकदा, वहिनी. मला तीनचारदा." फ्रेमवाल्यानं आतल्या दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आत्या सांगते."

मग त्यानं सगळं सांगितलं. आई गेल्यावर या आत्यानंच त्याला वाढवलेलं. तिचे सगळे दात गेले म्हणून कवळी करून घ्यायला ती गावाहून त्याच्याकडे आली. आली त्या दिवशी तो काच कापत होता, शेजारी करवत सुरूच राहिली होती. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "राहुकाळ!" हा दचकून वळला, आणि काचेचा अख्खा ताव खळ्ळकन फुटला.

"तेव्हापासून ती म्हणाली की मी हत्यार ठेवतो. कॅलेंडरात सकाळचा असतो, आत्या दुपारी सांगते. पण कॅलेंडर छापलेलं, साहेब. आत्या सख्खी आहे."

"मग अडचण काय?"

"गिऱ्हाईकं तुटताहेत. शनिवारी कवळी मिळेल. रविवारच्या गाडीत आत्याला बसवायची का नाही, तेवढं तुम्ही शोधून सांगा." त्यानं नाक ओढलं. "गेली तर घर खायला उठेल. राहिली तर दुकान बसेल. घर उठतंय, दुकान बसतंय, आणि मधे मी लोंबकळतोय."

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. "राहू असो वा केतू, माझ्यापुढे सगळे संशयित! माझा तसा राहुकाळावर विश्वास नाही."

"नाही ना?" फ्रेमवाल्याला धीर आला.

"नाही. पण राहूचा माझ्यावर असला तर? तपास दीड तासानं सुरू करू."

वहिनीनं त्यांच्या पाठीत हळूच ढोसलं. तपास सुरू झाला.

साहेबांनी भिंगातून आधी करवत पाहिली, मग लाकडाचा भुसा, मग चुकून स्वतःचा अंगठा, आणि तो संशयास्पद वाटल्यानं बराच वेळ पाहिला. मग गर्रकन वळून त्यांनी विचारलं, "या दुकानात चुका कुठे आहेत? लपवू नका!"

"त्या डब्यात."

साहेब थक्क झाले. इतका सरळ कबुलीजबाब त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांनी डबा उघडला. आत बारीक खिळे होते.

"याच की चुका," फ्रेमवाला म्हणाला. "पाठीमागचा पुठ्ठा ठोकायला लागतात. किती देऊ?"

"पुरे," वहिनी म्हणाली. "आमच्याकडे घरी आहेत."

साहेबांनी पहिला तर्क मांडला. "आत्याबाईंचं घड्याळ त्यांच्या गावच्या सूर्यावर लावलेलं आहे! तिथला राहू इथे उशिरा पोचतो!"

"आत्याकडे घड्याळ नाही."

"अस्सं. मग हा प्रतिस्पर्ध्याचा डाव! दुसऱ्या फ्रेमवाल्यानं आत्याबाईंना फितवलंय. कुठाय त्याचं दुकान?"

"दुसरं दुकानच नाही इथे."

"बघा! पुरावासुद्धा नष्ट केलाय."

वहिनी मुकाट्यानं आत गेली. असले तर्क उभ्यानं ऐकले की तिची कंबर धरायची.

आतल्या खोलीत आत्या वाटाणे सोलत बसल्या होत्या. लहानखुऱ्या, बोळक्या तोंडाच्या, हसल्या की सगळा चेहरा हनुवटीत गोळा व्हायचा. त्यांनी हातानंच "बस" म्हटलं आणि अर्धे वाटाणे वहिनीपुढे सरकवले. कॉटखाली एक पिशवी होती, तोंडापर्यंत भरलेली.

तेवढ्यात साहेब दारातून डोकावले, पिशवी पाहिली, आणि वहिनीला कानात सांगितलेलं अख्ख्या घराला ऐकू गेलं. "पळून जायची तयारी! आरोपीवर नजर ठेव!"

"ठेवते. तुम्ही वाटाण्यांवर पाय ठेवू नका."

ते बाहेर गेले आणि फ्रेमवाल्याला म्हणाले, "दिवसभरात राहू नेमका कधी येतो?"

फ्रेमवाल्यानं डोकं खाजवलं. "करवत चालू केली की."

"सापडला!" साहेबांनी टाळी वाजवली. "राहू म्हणजे काय? कापलेलं मुंडकं! करवत काय करते? कापते! म्हणजे राहू या करवतीत आहे! हिला अटक करावी लागेल. करा चालू, रंगेहाथ पकडतो!"

करवत सुरू झाली. तो आवाज म्हणजे नुसता आवाज नव्हे, कानात खिळा घालून फिरवावा तसा. आतमध्ये आत्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. उठल्या, पदर सारखा केला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. वहिनीही मागोमाग गेली. आत्यांनी चौकट धरली, भाच्याच्या पाठीकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाल्या. वहिनी अगदी खांद्याशी होती, म्हणून तिला अर्धवट ऐकू आलं. फक्त दोन शब्द, दुसऱ्याचं शेपूट जरा लांबलेलं.

बाहेर खट्कन करवत बंद झाली. फ्रेमवाल्यानं कपाळाला हात लावला.

"अरे देवा, परत? कधी टळणार एकदाचं!"

हे मात्र करवतीविना होतं, त्यामुळे लख्ख ऐकू आलं. आत्या गुपचूप मागे वळल्या. कॉटखालची पिशवी ओढली, दोरीवरची एक साडी घडी करून तिच्यात कोंबली, आणि पुन्हा वाटाणे सोलायला बसल्या. एक वाटाणा टरफलांत टाकला, टरफल वाटाण्यांत.

वहिनीनं ते टरफल उचललं. "आत्या, तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

आत्यांनी आणखी एक शेंग सोलली. मग दातांवाचून जमेल तसं म्हणाल्या, "विचारते बापडी रोज. राहू का?"

"काय?"

"राहू का, म्हटलं. इथेच. घरी आता कोण आहे माझं? पण तो बघ कसा डोक्याला हात लावतो. टळत नाही म्हणतो. बरोबर आहे त्याचं. म्हातारीचं ओझं कुणाला हवं!"

वहिनीनं हातातलं टरफल खाली ठेवलं. "अहो, पण मशीन चालू असतानाच का विचारता?"

"बंद असताना धीर होत नाही गं. चालू असलं की बरं. नाही म्हणाला तर ऐकू तरी येणार नाही, असं वाटतं. तो मेला बंदच करतो."

वहिनी उठली ती थेट दुकानात. तिथे साहेबांनी करवतीला दोरीनं बांधलं होतं आणि तिचा जबाब घ्यायची जुळवाजुळव चालली होती.

"तुमच्या आत्या राहुकाळ सांगत नाहीत," ती फ्रेमवाल्याला म्हणाली. "त्या विचारतात."

"काय विचारतात?"

"ते त्यांच्याच तोंडून ऐका. मशीन बांधलेलंच राहू दे." मग आत वळून तिनं हाक मारली, "आत्या, या. एकदा शांततेत होऊन जाऊ द्या."

आत्या आल्या. करवतीकडे आशेनं पाहिलं, पण तिला दोरी. भाच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बाळा," त्या म्हणाल्या, "मी... राहू का?"

दुकानात भुसा पडला असता तरी ऐकू आला असता. फ्रेमवाल्याचा हात सवयीनं कपाळाकडे निघाला आणि वाटेतच थांबला.

"राहू... का?" तो म्हणाला. "आणि तो 'ळ'?"

"ळ करवतीचा," वहिनी म्हणाली. "ळळळ करत असते ती दिवसभर. शब्द त्यांचा, शेपूट तिचं."

फ्रेमवाल्यानं आत्याकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं. मग त्यानं घाईघाईनं करवतीची दोरी सोडली आणि बटण दाबलं. त्या कर्णकर्कश आवाजात तो आत्याकडे बघून काहीतरी बोलला. बरंच बोलला. डोळे पुसत बोलला, त्यात भुसा जाऊन आणखी पुसले. कुणाला अक्षर कळलं नाही. आत्यांना मात्र सगळं कळलं असावं, कारण त्यांनी त्याच्या डोक्यावरचा भुसा झटकला आणि पिशवी रिकामी करायला आत गेल्या.

परतताना साहेब नेहमीपेक्षा हळू चालत होते.

"तरी मी म्हटलंच होतं, करवतीत काहीतरी आहे."

"म्हटलं होतंत."

"तुला कसं कळलं पण?"

"विचारलं."

"कुणाला?"

"त्यांनाच."

साहेबांनी भिंग खिशात ठेवलं. "ही पद्धत धोक्याची आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "उद्या सगळ्यांनीच असं विचारायला सुरुवात केली, तर आमच्या धंद्याचं काय?"

"तुमचा धंदा बुडणार नाही," वहिनी त्यांचा हात धरून म्हणाली. "माणसं विचारत नसतात."

रविवारची गाडी आत्यांना न घेताच गेली. त्या संध्याकाळी वहिनी मुद्दाम दुकानावरून गेली, तर आत्या नवी कवळी लावून दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. एकेक शब्द कसा टाकसाळीतून पडल्यासारखा खणखणीत. फ्रेमवाला काचेवर कापायचं हिऱ्याचं पेन टेकवून थांबला होता, आणि त्याची नजर कॅलेंडरावर गेली होती.

"आत्या," तो चाचरत म्हणाला, "आज खरंच आत्ता आहे बघ. राहुकाळ. छापलाय."

"काप तू," आत्या म्हणाल्या. "आणि राहू आला तर त्याला सांग, इथे आता आत्या राहते."